ऑर्किडचे एक पान : चिनी कुंचल्याने फुले रंगवायला शिकताना

रानजाई

सर्वांना नमस्कार.

गेली दोन वर्षे आमचा मुक्काम चीनमधील हांगझोऊ शहरात आहे आणि गेल्या सप्टेंबरपासून मी येथील एका निवृत्त शिक्षिकेकडे पारंपरिक चिनी पद्धतीने फुलांची चित्रे काढायला शिकते आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, पुढे जलरंगही बरीच वर्षे हाताळले होते, त्यामुळे चार-सहा महिन्यांत हात बसेल अशी माझी समजूत होती. सहा महिने उलटले तरी मी अजून ऑर्किडच्या पानावरच आहे, फुलापर्यंत पोचलेले नाही. या काळात जे हाती लागले आणि जे अडले, ते दोन्ही जाणकारांपुढे ठेवावे म्हणून हा धागा काढते आहे.

पहिल्या दिवशी कुंचला हातात मिळालाच नाही. बाईंनी काळ्या दगडाची पसरट दौत पुढे ठेवली, तिच्यात चमचाभर पाणी घातले आणि शाईची कांडी उगाळायला सांगितली. आपण सहाणेवर चंदनाचे खोड उगाळतो तसेच हे काम आहे. फक्त कांडी सरळ उभी धरायची, जोर द्यायचा नाही आणि घाई करायची नाही. कांडी म्हणजे काजळी आणि सरस एकत्र मळून, साच्यात दाबून वाळवलेली वडी. पाइनचे लाकूड जाळून धरलेल्या काजळीची शाई किंचित निळसर आणि बिनचमकीची असते, तर तेलाच्या काजळीची शाई काळीभोर आणि तकतकीत उतरते. पंधरा-वीस मिनिटे उगाळल्यावर दगडावरची खरखर मऊ होते आणि कांडीच्या मागे पडलेली वाट लगेच मिटेनाशी होते. तेव्हा शाई झाली असे समजायचे.

आता पानाविषयी. कुंचला कागदाला काटकोनात उभा धरायचा, मनगट टेकवायचे नाही आणि बुंध्यापासून टोकापर्यंत पान एका दमात ओढायचे. सुरुवातीला टोक किंचित मागे नेऊन वळवायचे, मग दाब वाढवायचा, मध्ये कुंचला जवळजवळ उचलायचा, पुन्हा थोडा दाबायचा आणि शेवटी हवेत सोडून द्यायचा. प्रत्येक टप्प्याला नाव आहे: आरंभ म्हणजे खिळ्याचे डोके, मधला फुगवटा म्हणजे प्रार्थना-कीटकाचे पोट आणि शेवट म्हणजे उंदराचे शेपूट. दुसरे पान पहिल्याला छेदून जाते आणि दोहोंमध्ये जी निमुळती जागा उरते तिला फिनिक्सचा डोळा म्हणतात; तिसरे पान त्या डोळ्यातून आरपार जाते, म्हणजे डोळा फोडते. तीन पाने जमली की बाकीची पाने त्यांच्या आधाराने येतात, असे बाई सांगतात. माझी तीन पाने कधी गवतासारखी दिसतात, कधी तारेसारखी.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी, की शुआन कागदावर कुंचला जरासा रेंगाळला तरी शाई फुटून पसरते आणि पानाची कड जाते. पाण्याचा हा हिशेब हाताला कसा शिकवावा? दुसरी गोष्ट मला अधिक सतावते. आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला समोर फांदी ठेवून, निरखून चित्र काढायला शिकवत असत. येथे मी सहा महिने बाईंच्या पानाची नक्कल करते आहे, खरे ऑर्किड एकदाही समोर ठेवलेले नाही. या पद्धतीने माझी पाहण्याची सवय बोथट तर होणार नाही ना?

जुनी_दौत

रानजाईताई, आपण पानापर्यंतचा प्रवास इतक्या बारकाईने लिहिला आहे की उत्तरही तसेच द्यायला हवे. मी सिंगापूरला असताना ही कला शिकायला लागलो आणि आता निवृत्तीनंतर रोज सकाळी दोन तास तेच करतो.

आधी कागदाविषयी. शुआन कागद आनहुई प्रांतातील जिंगश्यान परिसरात बनतो. त्यात चिंगतान नावाच्या झाडाच्या सालीचा धागा आणि भाताचा पेंढा असतो. युनेस्कोने २००९ साली ही कागद बनवण्याची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. कच्चा कागद शाई लगेच पितो. पक्क्या कागदावर तुरटी आणि सरस यांचा हात दिलेला असतो, त्यामुळे शाई वर थांबते आणि रंगाचे पातळ थर एकावर एक चढवता येतात. आपल्या बाई आपल्याला कच्च्या कागदावर शिकवत आहेत, आणि जलरंगाच्या कागदाची सवय झालेल्या हाताला सगळ्यात परका वाटणारा कागद हाच. जलरंगात आपण ओला रंग कागदावर हवा तिकडे नेतो. कच्च्या शुआनवर शाई टेकली तेथे बसली. ती नेता येत नाही, पुसता येत नाही आणि तिच्यावर दुसरा हात दिला तर तो वेगळा दिसतो.

पाण्याचा हिशेब मला असा समजला. कुंचला आधी स्वच्छ पाण्यात पूर्ण भिजवावा, बशीच्या काठावर पुसून अर्धे पाणी काढावे, मग फक्त टोकाला शाई घ्यावी आणि बशीत दोन-तीन वेळा कुंचला आडवा टेकवून शाई पोटापर्यंत चढू द्यावी. उजव्या हाताशी जुन्या सुती धोतराचा घडी केलेला तुकडा ठेवावा आणि कागदाकडे जाण्यापूर्वी कुंचल्याची टाच, म्हणजे केस जेथे बांबूत शिरतात तो भाग, त्या कापडाला क्षणभर लावावी. जास्तीचे पाणी तेथेच दडून बसलेले असते आणि कुंचला दाबला की ते खाली उतरून पान फोडते. मला ही एक गोष्ट कळायला वर्ष लागले. मी टोकच पुसत राहिलो होतो.

कागदाखाली लोकरीचे जाड फेल्ट आहे ना? नसेल तर इस्त्रीसाठी वापरतात तसे जाड ब्लँकेट घ्यावे. थेट टेबलावर कागद ठेवला तर खाली झिरपलेली शाई परत वर येते.

सरावासाठी शुआन वापरू नये. बांबूच्या लगद्याचा पिवळसर स्वस्त कागद चीनमध्ये वह्या-रिमांच्या दुकानांतही मिळतो. त्यावर दिवसाला शंभर पाने ओढली तरी जिवाला लागत नाही. महाग कागदावर हात आखडतो आणि आखडलेल्या हाताचे पान ओळखू येतेच.

कोरा_कागद

धागा आवडला. मी तैलरंगात काम करतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाचे मत म्हणून हे वाचावे. आपल्या दुसऱ्या प्रश्नात मला खरोखर काळजीचे कारण दिसते. सहा महिने एकाच पानाची नक्कल केल्यावर माणूस पान पाहायचे सोडून पानाचे चिन्ह काढू लागतो. चिनी फुलांची चित्रे मी जेथे जेथे पाहिली तेथे तीच चार फुले, त्याच वळणाच्या फांद्या आणि तीच मोकळी जागा दिसली. ती सुंदर असतात याबद्दल वाद नाही, पण चित्रकाराने ते फूल पाहिले होते की आपल्या गुरूचे चित्र पाहिले होते, हे मला कधी सांगता आलेले नाही. मी आपल्या जागी असतो तर एक कुंडी विकत आणून बाईंच्या नमुन्याशेजारी ठेवली असती.

तळटीप

कोरा_कागद यांचा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चिनी फूल-पक्षी चित्रांना एकच तोंडवळा आहे असे मानले की हा प्रश्न उभा राहतो. दहाव्या शतकातच दोन घराणी वेगळी झाली होती. छंग्दू येथील दरबारातले ह्वांग छुआन बारीक रेषेने आकृती बांधून तिच्यात रंगाचे पातळ थर भरत असत, तर दक्षिण थांग राज्यातील शू शी शाईच्या मोकळ्या हाताने रानातली फुले, भाज्या आणि पाणवनस्पती काढत असत. ‘ह्वांगांचे वैभव, शू शीचा रानटी निवांतपणा’ अशा अर्थाची एक जुनी म्हण चिनी कलेच्या इतिहासात आजही सांगितली जाते. पहिल्या वाटेला पुढे गोंगबी हे नाव मिळाले आणि दुसरीतून शियेयी फुलली. शियेयी या शब्दातील ‘शिये’ म्हणजे लिहिणे. रानजाईताईंच्या बाई बहुधा त्यांना ऑर्किड ‘काढ’ असे म्हणत नसतील, ‘लिही’ असेच म्हणत असतील.

आता नक्कल की निरीक्षण, या मुद्द्याकडे येतो. ह्वांग छुआन यांचे एक छोटे आडवे चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यात चिमण्या, वॅगटेल, नाकतोडे, मधमाश्या, सिकाडा आणि दोन कासवे अशा चोवीस जिवांची सुटी चित्रे आहेत. पंखांतली शीर न् शीर मोजता येईल असे ते काम आहे; जिवंत प्राणी डोळ्यांपुढे असल्याशिवाय ते होणार नाही. आणि त्याच्या कोपऱ्यात लिहिले आहे की हे मुलगा जूबाओ याला सरावासाठी दिले. म्हणजे बापाने निसर्ग निरखून नमुना केला आणि मुलाने नमुन्यावरून हात घडवला. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात आहेत.

सोंग काळातील (दहावे ते तेरावे शतक) चित्रकार झाओ छांग पहाटेचे दव वाळण्याआधी बागेच्या कठड्याभोवती फिरून फुले निरखत आणि तेथेच रंग कालवत, अशी नोंद सापडते. ते स्वतःला ‘शियेशंग झाओ छांग’ म्हणवत. शियेशंगचा शब्दशः अर्थ ‘जीव लिहिणे’, आणि प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून चित्र काढणे याला चिनी भाषेत आजही हाच शब्द आहे. यांग वूज्यू यांनी ११६५ साली मेइहुआच्या, म्हणजे तिकडच्या प्लमच्या, फुलांची चार चित्रे सलग काढली: न उमललेली कळी, उमलू पाहणारी, पूर्ण उमललेली आणि गळू लागलेली. एकच काळी शाई आहे, पण चार अवस्थांमधला फरक पाकळीच्या कडेत आणि पुंकेसरांच्या ताणात दिसतो. चिन्ह गिरवणाऱ्याला हा फरक सुचला नसता.

तरीही कोरा_कागद म्हणतात तो धोका खरा होता आणि चिनी चित्रकारांनाही तो ठाऊक होता. नानजिंगमधील ‘मोहरीच्या दाण्याची बाग’ या नावाने छापल्या गेलेल्या चित्रशिक्षणाच्या संग्रहाचा पहिला भाग १६७९ साली आणि फुलांचे भाग १७०१ साली निघाले. ऑर्किड, बांबू, मेइहुआ आणि शेवंती यांचे एकेक पान, एकेक गाठ सुटी करून तेथे दाखवली आहे. घरबसल्या शिकू पाहणाऱ्या हजारोंना त्याचा आधार झाला. पुढे नामवंत चित्रकार झालेले छी बायशी तरुणपणी सुतारकाम करत असताना हाच संग्रह उसना आणून त्याच्या नकला करून शिकले. पण फक्त संग्रहावरच थांबलेल्यांची फुले साच्यातून काढल्यासारखी झाली, हेही तितकेच खरे आहे. दोष नकलेत नसून तेथेच थांबण्यात आहे, असे माझे मत आहे.

माळरान

मी पुण्याला राहते आणि वरचे सगळे वाचून मोह झाला आहे. येथे ऑर्किड रोज कोठून पाहायला मिळणार? पश्चिम घाटातली सीतेची वेणी मे-जूनमध्ये दिसते, पण तिची पाने अगदीच वेगळी आहेत. शेवंती मात्र मंडईत ढिगाने असते. शेवंतीपासून सुरुवात केली तर चालेल का?

जुनी_दौत

माळरान, चिनी चित्रांतले ऑर्किड म्हणजे सिंबिडियम जातीचे, गवतासारख्या लांब पानांचे आणि लहान, सुगंधी फुलांचे झाड. सीतेची वेणी तेथे उपयोगी पडणार नाही हे आपण बरोबर ओळखले आहे.

शेवंतीपासून सुरुवात जरूर करावी, मात्र आधी आठवडाभर फक्त पाने करावीत. शेवंतीचे पान कुंचला आडवा दाबून चार-पाच ठशांत येते: मधला ठसा लांब, बाजूचे आखूड, आणि मध्ये थोडी पांढरी फट राहिली तर ती तशीच राहू द्यावी. मग थांबायचे. पान ओले असताना शिरा काढल्या तर त्या फुटून पसरतात आणि पूर्ण वाळल्यावर काढल्या तर वर चिकटवल्यासारख्या दिसतात. कागदावरची ओली चमक गेली आहे पण बोटाला गारवा लागतो आहे, अशा वेळी दाट शाईने शिरा ओढाव्यात. शिरेची कड तेव्हा थोडीशी विरघळते आणि पान वळल्यासारखे दिसते. पुण्याच्या कोरड्या हवेत ही वेळ हांगझोऊपेक्षा बरीच लवकर येईल, हे लक्षात ठेवावे.

फुलाच्या पाकळ्या दोन-दोन रेषांनी, मधल्यापासून बाहेरच्याकडे करत जाव्यात. प्रत्येक पाकळीचे मूळ देठाकडे वळले पाहिजे. फूल तिरपे असेल तेव्हा नवशिक्याच्या हातून नेमके हेच चुकते आणि पाकळ्या हवेत तरंगू लागतात.

निळाई

रंगांचा विषय निघाला नाही, म्हणून थोडी भर घालते. मी मोगू पद्धतीने पिओनी रंगवायला शिकते आहे. मोगू म्हणजे ‘हाडाविना’. बाहेरची रेषा नाही, रंगाचा ठसा हाच आकार. दहाव्या शतकातील शू छोंगस् यांच्याकडे या पद्धतीचे श्रेय जाते आणि सतराव्या शतकात युन शौपिंग यांनी तिला नवे तेज दिले. लुओयांगची पिओनी चीनमध्ये फुलांचा राजा मानली जाते, त्यामुळे तिची चित्रे घरोघरी दिसतात आणि त्यातली बरीचशी भडक असतात. मला तिचा एकच क्षण आवडतो, तो सांगते.

कुंचला आधी पांढऱ्या रंगात पूर्ण भिजवायचा, मग अर्ध्यापर्यंत फिकट गुलाबी घ्यायचा आणि शेवटी फक्त टोकाला गडद किरमिजी. टोक फुलाच्या गाभ्याकडे आणि पोट बाहेरच्या कडेकडे ठेवून कुंचला आडवा दाबायचा आणि किंचित फिरवून उचलायचा. एका ठशात पाकळीचा गडद तळ, मधली लाली आणि पांढुरकी कड हे सगळे एकदम उतरते. तीन रंग कुंचल्यातच एकमेकांत मिसळत असतात, त्यामुळे दुसरा ठसा पहिल्यासारखा कधीच येत नाही. चार-पाच ठशांनंतर कुंचल्यातला रंग उतरतो, तेव्हा त्याच उतरलेल्या रंगाने मागच्या पाकळ्या करायच्या. दरवेळी कुंचला नव्याने भरला तर फुलाला पुढे-मागे राहत नाही.

हिरव्यासाठी नीळ आणि गँबोजचा पिवळा मिसळतात. खरा गँबोज हा एका झाडाचा वाळलेला चीक असतो आणि ते झाड आपल्या कोकमाच्या, म्हणजे रातांब्याच्या, कुळातले आहे. रातांबा आपण खातो, पण हा चीक विषारी आहे. कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करायची सवय अनेकांना असते. गँबोज वापरत असाल तर ती सवय आजच सोडावी.

बांधणी

एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. शुआनवरचे चित्र वाळले की सुरकुतते, आणि मागून दुसरा कागद चिकटवल्याशिवाय ते सरळ होत नाही. मी माझे पहिले बरे जमलेले बांबूचे चित्र आमच्या गावातील एका फ्रेमच्या दुकानात दिले. त्यांनी काम मनापासून केले, पण कागद ओला करताच बांबूच्या पानांतली शाई धुरासारखी पसरली आणि चित्र गेले. नंतर लक्षात आले की चूक मुळात माझ्याकडून झाली होती. मी बाटलीतली स्वस्त शाई वापरली होती आणि तिच्यातला बांध पाण्यात टिकणारा नव्हता. कांडी उगाळून केलेली ताजी शाई नीट वाळली, की सहसा धरून बसते.

आता मी हे काम घरीच करतो. चित्र पालथे ठेवून पाण्याचा फवारा द्यायचा, मऊ रुंद ब्रशने मधून बाहेर सुरकुत्या काढायच्या, गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावायची आणि मागचा कागद एका बाजूने हळूहळू ब्रशने बसवत न्यायचा. मग फक्त कडांना खळ लावून सगळे गुळगुळीत फळीवर चिकटवायचे. वाळताना कागद ताणला जातो आणि चित्र डफाच्या कातड्यासारखे घट्ट होते. आधी रद्द चित्रांवर चार-पाच वेळा सराव करावा, आणि नव्या शाईचा एक फटकारा वाळवून, त्यावर ओले बोट फिरवून पाहिल्याशिवाय तिने चांगले चित्र करू नये.

कोरा_कागद

तळटीप यांनी दिलेली उदाहरणे शोधून पाहिली. यांग वूज्यू यांच्या मेइहुआच्या चार चित्रांपुढे मी बराच वेळ थांबलो. गळू लागलेल्या फुलाच्या पाकळ्या सुटून गेल्या आहेत आणि पुंकेसर मात्र अजून ताठ आहेत, हे त्या माणसाने झाडाखाली उभे राहून पाहिलेले आहे. माझे आधीचे विधान मी मागे घेतो. एक शंका तरीही उरते: पाहून झाल्यावर तो कागदाशी बसला तेव्हा त्याच्यासमोर काय होते? फांदी, आठवण की हाताची सवय?

तळटीप

याचे उत्तर अठराव्या शतकातील चित्रकार झंग बानच्याओ यांनी आपल्या एका चित्रावरील टिपणात दिले आहे. नदीकाठच्या मुक्कामात शरदातल्या एका सकाळी ते बांबू पाहायला उठले. धुके, ऊन आणि दव पानांमधून फिरत होते आणि मनात चित्र काढण्याची ऊर्मी आली. पण छातीत उभा राहिलेला बांबू डोळ्यांनी पाहिलेला बांबू नव्हता; आणि शाई उगाळून, कागद पसरून हात चालला तेव्हा हातातून उतरलेला बांबू छातीतल्या बांबूहून वेगळा झाला, असे ते म्हणतात. हे तीन बांबू त्यांनी वेगळे मोजले आणि कोणत्याही एकाला खोटे ठरवले नाही. रानजाईताई सध्या तिसऱ्या बांबूपाशी आहेत असे मला वाटते. त्यांच्या बाईंनी हातापासून सुरुवात केली आहे, कारण हात तयार नसेल तर पाहिलेले कागदावर येण्याआधीच हरवते.

ऑर्किडच्या पानाला एवढा मान का, याचेही एक कारण सांगून थांबतो. सोंग राज्य मंगोलांच्या हाती गेल्यानंतर झंग स्स्याओ या चित्रकाराने ऑर्किड काढले, पण मुळांखाली माती काढली नाही. माती कोठे गेली असे विचारल्यावर, ती परक्यांनी नेली, असे त्यांनी उत्तर दिल्याची कथा आहे. १३०६ सालचे त्यांचे शाईतले ऑर्किड आज ओसाका येथील संग्रहालयात आहे. मोजून थोडी पाने, मध्ये एक फूल, खाली काहीही नाही. त्या पानांपैकी एखादे जरी डळमळीत असते तर चित्रकाराचे सगळे म्हणणेच ढासळले असते.

रानजाई

उत्तरांना उशीर झाला, क्षमस्व. मधल्या तीन आठवड्यांत जे झाले ते सांगते.

जुनी_दौत काकांचे टाच पुसण्याचे सांगणे त्याच दिवशी करून पाहिले. पहिल्या दहा पानांतच फरक दिसला. पान फुटेनासे झाले आणि उलट कोरडे पडून मध्येच तुटू लागले. आता पाणी पुन्हा थोडे वाढवते आहे. तळटीप यांचा अंदाजही बरोबर आहे, बाई खरोखरच ‘लिही’ असेच म्हणतात. इतके दिवस मला ती बोलण्याची लकब वाटत होती.

नकलेबद्दलचा प्रश्न मी धीर करून बाईंनाच विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही, पुढच्या रविवारी सकाळी मला पश्चिम सरोवरातील गूशान टेकडीवर नेले. सोंग काळातील कवी लिन बू येथेच मेइहुआची झाडे लावून एकटे राहिले आणि त्यांची समाधीही येथेच आहे. फुलांचा बहर जवळजवळ संपला होता. बाईंनी कागद-कुंचला काढू दिला नाही. एका जुन्या फांदीजवळ नेऊन त्यांनी मला विचारले की ही फांदी कोठे कोठे थांबली आहे. मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी बोटाने दाखवले: येथे थंडीत वाढ थांबली, येथून कोन करून ती पुन्हा निघाली, येथे डोळा सुकला म्हणून ती बाजूने फुटली. ते बोट ज्या गतीने चालले आणि ज्या ठिकाणी अडखळले, तीच गती आणि तेच थांबे मी त्यांच्या कुंचल्यात सहा महिने पाहत आले होते. टेकडीवर १९०४ साली स्थापन झालेली शीलिंग ही मुद्राकलेची, म्हणजे शिक्के कोरण्याच्या कलेची, संस्था आहे आणि तिचे पहिले अध्यक्ष वू छांगश्वो होते. दगडावर कोरलेल्या प्राचीन अक्षरांच्या सरावातून त्यांचा हात तयार झाला होता आणि त्याच हाताने ते मेइहुआच्या फांद्या लिहीत, हे बाईंनी परतताना सांगितले.

घरी येऊन मी ऑर्किडची कुंडी आणली आहे. कोरा_कागद यांचा सल्ला मला आता अधिक पटतो, मात्र कुंडी मी टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवली आहे. सकाळी चहा घेताना ती पाहते आणि सरावाला बसताना तिच्याकडे पाठ करते.

काल शिकवणीत चाळीसएक पाने लिहिलेला कागद बाईंपुढे ठेवला. येथे अक्षरांच्या वहीत चांगल्या अक्षराभोवती लाल गोल करण्याची पद्धत आहे. बाईंनी लाल शाईत बारीक कुंचला बुडवला आणि बराच वेळ कागद फिरवून पाहिला. मला जी दोन लांब, डौलदार पाने जमली असे वाटत होते त्यांच्यावरून त्या पुढे गेल्या. खालच्या कोपऱ्यात एक आखूड तिसरे पान होते, डोळा फोडणारे. टोकाशी शाई संपत आल्यामुळे त्यात कागदाचे पांढरे धागे दिसत होते. त्याच्याभोवती त्यांनी गोल केला.

मंगळवारी फुलाचा देठ आणि पाच पाकळ्या घ्यायच्या आहेत, फिकट शाईत, आणि गाभ्याचे तीन ठिपके गडद. ठिपके पाकळ्या ओल्या असतानाच द्यायचे की वाळू द्यायच्या, याबद्दल जुनी_दौत काकांचा अनुभव वाचायला आवडेल.

जुनी_दौत

पाकळ्या अर्धवट ओल्या असतानाच द्यावेत, रानजाईताई. शेवंतीच्या शिरांसाठी सांगितली तीच वेळ: चमक गेलेली, गारवा राहिलेला. ठिपके देताना कुंचल्यात पाणी जवळजवळ नसावे, आणि तिन्ही ठिपके सारखे नसावेत. मधला थोडा मोठा आणि बाजूचे दोन त्याच्याकडे झुकलेले असू द्यावेत. पाकळ्यांसाठी वेगळा कुंचला ठेवा, नाहीतर फिकट शाईत गडद शाई उतरते. लाल गोल केलेला कागद जपून ठेवा, आणि जमल्यास येथे त्याचे छायाचित्र द्यावे.